सात नंबरच्या गाडीचा पोचा

काकांच्या दिवाणखान्यात सोफा नव्हता. सोफ्याच्या जागी रेसची एक गाडी उभी होती. खेळण्यातली नव्हे. खरं इंजिन, खरं स्टिअरिंग, डोक्यावर लोखंडी कमान, छातीवरून घ्यायचे जाड पट्टे. फक्त सीट इतकी लहान, की पाच-सात वर्षांचं मूलच तिच्यात मावावं. ब्रिस्टलला त्यांच्याकडे भाड्याची खोली बघायला मी गेले होते. दारातून आत आले, गाडी पाहिली आणि नमस्कार करायचंही विसरले.

"लहान मुलांना यात बांधतात?" मी विचारलं.

"बसवतात," काका म्हणाले. "बांधतात म्हटलं की वेगळं वाटतं. नमस्कार."

मग त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, खिशातून छोटा टॉर्च काढून, वाकून पाहिलं. "उजवी टाच बाहेरून झिजलीय. तू फार रागानं चालतेस."

"बूट चॅरिटी शॉपमधले आहेत, काका. मागच्याच आठवड्यात घेतलेत."

ते जराही ओशाळले नाहीत. "मग ती आधीची बाई रागीट असणार," असं म्हणून त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

काका रिटायर्ड इंजिनिअर. पुण्याहून तरुणपणी आले आणि विमानांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्यांनी सगळी नोकरी काढली. त्यांचं काम बनवण्याचं नव्हतं, मोडलेलं बघण्याचं होतं. कुठे चाक धरणारा दांडा तुटला, कुठे बोल्टला चीर गेली, की तो तुकडा काकांच्या टेबलावर यायचा आणि तो का मोडला ते काकांनी सांगायचं. त्या कामाचा पहिला नियम त्यांनी मला राहायला आल्याच्या दिवशीच सांगितला, कारण मी चहा सांडला होता आणि फडकं शोधत होते.

"पुसू नका," काका म्हणाले. मला एरवी 'तू' म्हणायचे, पण हे वाक्य नेहमी बहुवचनात यायचं, एखादी पाटी वाचावी तसं. "लोक मोडलेला भाग आणून द्यायचे ना, तो आधी छान पुसून आणायचे. चांगुलपणानं हो! काळं लागलंय, साहेबांना कसं द्यायचं? आणि त्या काळ्यातच सगळं असायचं. निम्म्या चौकश्या फडक्यानं मारल्यात."

नोकरी संपली, नियम घरी आला. काकांच्या खिशात कायम खडूचा तुकडा असे. टेबलावरचा कपाचा गोल डाग, भिंतीवरचा ओरखडा, कार्पेटवर पडलेलं हळदीचं बोट, जे काही त्यांना राखून ठेवावंसं वाटे त्याच्याभोवती ते खडूनं वर्तुळ काढत. वर्तुळ म्हणजे हात लावायचा नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर इतकी वर्तुळं होती, की पोळ्या लाटायला जागा शोधावी लागे. काकू मुलीकडे ब्रॅकनेलला राहायच्या. भांडून गेल्या नव्हत्या, पुसून पुसून थकून गेल्या होत्या. रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा.

"पुसलंत का काही?"

"नाही."

"मग मी येत नाही."

"नको येऊस. जेवलीस का?"

आणि मग तासभर दोघं हसत खिदळत बोलत बसायची. असं लग्न मी दुसरं पाहिलेलं नाही.

माझं लहानपण नागपुरात पत्रकांच्या गठ्ठ्यांमध्ये गेलं. आई-बाबा दोघंही चळवळीतले. आमच्या घरी पाहुणा आला की त्याच्या हातात चहाच्या आधी घडी घालायला पत्रकं यायची. वाचायला शिकले तीही पत्रकांवरूनच, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत कोणावर अन्याय होतोय हे आधी शोधायची मला सवय. आणि इथे तर शोधायचीसुद्धा गरज नव्हती. तो अन्याय लाल रंगाचा होता आणि सोफ्याच्या जागी उभा होता.

या गाड्यांना क्वार्टर मिजेट म्हणतात. मिजेट म्हणजे मोठ्यांच्या बुटक्या रेसगाड्या, त्यांच्या पाव मापाच्या या. महायुद्धानंतर अमेरिकेत त्यांचं खूळ उठलं होतं. गवत कापायच्या यंत्राएवढं इंजिन, लंबगोल ट्रॅक, सारखं डावीकडे वळत राहायचं. चालवणारी मुलं पाच वर्षांपासून पुढची. काकांकडे अशा बऱ्याच गाड्या होत्या. गॅरेज भरून, जिन्याखाली एक, आणि एक चक्क बाथरूमच्या दाराआड, शेपटीवर उभी केलेली. बाकीचे हौशी लोक जुनी गाडी मिळाली की ती घासून, रंगवून, नवी कोरी करून ठेवतात. काकांकडे असा एक गृहस्थ आला होता. गाड्या बघून हळहळला. "यांना माझ्याकडे पाठवा, मी यांना पुन्हा जिवंत करतो," म्हणाला. काकांनी त्याचा चहा अर्धा असतानाच त्याला कोट आणून दिला.

मी विचारायची, "मुलांच्या गाड्या जमवता आणि एकाही मुलाला बसू देत नाही?"

"नवीन खुणा पडतील. मग जुन्या कुठल्या आणि नव्या कुठल्या, कसं कळणार?"

"म्हणजे मुलं नकोत, मुलांच्या जखमा हव्यात."

"काय बोलतेस गं पत्रकबाई!" काका म्हणायचे आणि खूश व्हायचे. त्यांना माझं चिडणं आवडायचं. एकदा मी रागाच्या भरात खरोखरच एक पत्रक लिहिलं. 'मुलांना वेगाच्या दावणीला बांधणाऱ्यांनो' अशी त्याची सुरुवात होती. ते फ्रिजवर चिकटवलं आणि कामाला गेले. परत आले तेव्हा त्याच्याभोवती खडूचं वर्तुळ होतं.

दिवाणखान्यातली ती लाल गाडी त्यांची सगळ्यात लाडकी. ॲल्युमिनियमचा पत्रा, रंग उडालेला, पुढे ब्रशनं हातानं काढलेला सातचा आकडा. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या एका अमेरिकन हवाई तळावरून ती कधीतरी भंगारात गेली होती आणि हिंडत हिंडत काकांकडे आली होती. सीटच्या डाव्या बाजूला, कोपराच्या उंचीवर, एक मोठा पोचा. जर्मनच्या पातेल्याला पडावा तसा, गोल आणि खोल. त्याच्याभोवतीचं वर्तुळ काका दर दिवाळीला नव्या खडूनं गिरवायचे.

तो पोचा त्यांनी वाचला होता. वाचला हा त्यांचाच शब्द. गाडी मुलीची होती हे त्यांना सीटमागे अडकलेल्या रिबिनीच्या तुकड्यावरून कळलं होतं. पोच्याच्या कडा बोथट, म्हणजे मारणारी वस्तू रुंद आणि गोल, म्हणजे दुसऱ्या गाडीचं नाक. स्टिअरिंगचा दांडा वाकलेला, पण वाकल्यावरही बराच वापरलेला. म्हणजे धडक बसली, दांडा वाकला, तरी मुलगी तशीच गाडी हाकत राहिली.

"थांबली नाही," काका म्हणायचे. "एवढा मार खाल्ला, थांबली नाही."

ही गोष्ट ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. रविवारच्या मराठी शाळेतही ते दर वर्षी सांगत. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. इथे जन्मलेली, इथल्या शाळांत जाणारी ती मुलं जमिनीवर मांडी घालून ऐकत होती. एका छोटीनं हात वर केला.

"काका, ती मुलगी रडला का?"

काका म्हणाले, "रडल्याची खूण गाडीवर राहत नाही, बाळा."

घरी येताना मी बसमध्येच सुरू झाले. "एका लहान मुलीच्या अंगावर गाडी येते, कोणी तिला उतरवत नाही, आणि तुम्ही दुसऱ्या मुलांना सांगता की ती शूर होती? तिला बसायचं होतं का, हे कोणी विचारलं होतं? तुम्हाला तरी माहितेय का?"

"गाडी खोटं बोलत नाही."

"गाडीला नाही, काका. मुलीला. मुलीला कोणी विचारलं?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "तेच तर. कंपनीत मी सांगायचो, मग लॅब तपासायची आणि कळायचं आपण बरोबर का चूक. या गाड्यांचं कोणी कधी तपासलंच नाही. मीच सांगतो आणि मीच मान डोलावतो. एकदा तरी कळलं पाहिजे."

त्या दिवसापासून त्यांनी त्या मुलीचा शोध जोरात सुरू केला. हौशी लोकांच्या मासिकात त्यांनी सात नंबरचा फोटो छापून आणला. फोटो समोरून काढलेला, पोचा दिसणार नाही असा. मी म्हटलं, पोचाच दाखवा की, तोच तर ओळखेल ती. तर म्हणाले, साक्षीदाराला उत्तर दाखवून प्रश्न विचारत नाहीत. महिने गेले. मग उन्हाळा संपता संपता एका बाईंचा फोन आला. आवाज वयस्कर, ठणठणीत. "तो माझा सात आहे," त्या म्हणाल्या. "मी काढलाय. खालची रेघ वाकडी आलीय, ती मला शिंक आली म्हणून."

मी शेजारून खुणा करत होते, विचारा, पोच्याचं विचारा! काकांनी मला हातानं गप्प केलं आणि फोनवर फक्त एवढंच विचारलं, तुम्ही येऊन गाडी बघाल का?

फोन ठेवल्यावर मी कपाळावर हात मारला. "काका! एक प्रश्न! एका वाक्यात कळलं असतं!"

"वस्तूसमोर," काका म्हणाले. "विचारायचं ते वस्तूसमोर."

बाईंची भाची ब्रिस्टलजवळ राहायची. तिच्याकडे त्या ज्या रविवारी येणार होत्या, नेमका त्याच रविवारी आमच्या मराठी मंडळाचा दसरा होता. इथे सण तिथीला होत नाही, हॉल मिळेल त्या रविवारी होतो. आमच्याकडे दसऱ्याला सगळे आपापली हत्यारं आणतात. म्हणजे लॅपटॉप, गाड्यांच्या किल्ल्या, नर्सिंगवाल्यांचे स्टेथोस्कोप, पोरांच्या सायकली. ते सगळं टेबलावर मांडायचं आणि झेंडू वाहायचे. मंडळाच्या सेक्रेटरी वहिनींनी काकांना विचारलं, यंदा तुमची लाल गाडी पूजेत ठेवायची का? काका लगेच हो म्हणाले. त्या बाईंना सगळ्या लोकांसमोर बोलवायचं, त्यांच्या तोंडून गोष्ट ऐकवायची, असं त्यांच्या मनात आलं होतं. ते दोन दिवस शिट्टी वाजवत हिंडत होते.

गाडी मोठी असल्यामुळे वहिनींच्या यजमानांनी ती आधीच्या आठवड्यातच त्यांच्या व्हॅनमधून नेली. काका व्हॅनच्या मागे मागे चालत कोपऱ्यापर्यंत गेले. "वहिनी, जशी आहे तशी ठेवा हं," त्यांनी दोनदा सांगितलं.

"तुम्ही अजिबात टेन्शन घेऊ नका हो काका," वहिनी खिडकीतून म्हणाल्या.

रविवारी आम्ही हॉलमध्ये शिरलो. समोर स्टेजखाली झेंडूच्या माळांमध्ये एक गाडी झगमगत होती. मला पहिल्यांदा वाटलं, ही दुसरीच आहे. कुंकवाच्या करंड्यासारखी लालबुंद, आरशासारखी. पुढे पांढऱ्या वर्तुळात छापील, सरळ, सुबक सात. बाजू सपाट. पोरंबाळं, आयाबाया, सगळे आमच्याकडे वळले आणि हॉलभर टाळ्या पडल्या.

"सरप्राइज!" वहिनी ओरडल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आनंदाचं.

काका चालत गाडीपर्यंत गेले. त्यांनी डाव्या बाजूला, पोचा होता तिथे, तळहात ठेवला आणि गोल गोल फिरवला. अंधारात भिंतीवर दिव्याचं बटण चाचपावं तसं. मग हात खाली घेतला.

"पुसलं," ते म्हणाले. एवढंच.

"अहो, नुसतं पुसलं काय! बॉडी शॉपमध्ये दिली होती चांगली," वहिनी सांगत होत्या. "दसऱ्याला गाडी कशी धुऊन-पुसून पूजतात ना? पोचा पडलेली देवापुढे कशी ठेवायची? आणि तुम्हीच तर खडूनं गोल करून दिला होता! तो बॉडी शॉपवाला बघताक्षणीच म्हणाला, हां, कस्टमरनं मार्क केलंय, इथला डेंट काढायचाय. मी ह्यांना म्हटलं, बघा, काकांना बोलायची लाज वाटली असणार, पण मनात होतं."

मी पुढे झाले. माझं पूर्ण पत्रक जिभेवर तयार होतं. काकांनी माझं मनगट धरलं.

"गप्प," ते हळूच म्हणाले. "तिनं प्रेमानं केलंय. आणि वर्तुळ माझं होतं."

मी त्यांना इतकं म्हातारं कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी वहिनींना हात जोडले, फार सुंदर झालीय म्हणाले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. दाराकडे पाठ करून. आता त्या बाई येणार होत्या आणि त्यांना दाखवायला काकांकडे काही उरलं नव्हतं.

पूजा झाली. हॉलच्या नियमाप्रमाणे नारळ जमिनीवर आपटता येत नाही, म्हणून तो टॉवेलात धरून हातोडीनं फोडला. मुलांनी सोनेरी कागदाची आपट्याची पानं कापली होती, ती वाटायला सुरुवात झाली आणि तेवढ्यात भाची त्या बाईंना दारात सोडून गेली. उंच, काठी टेकत चालणाऱ्या, पांढरे केस मुलग्यासारखे कापलेले. एका पोरानं त्यांच्या हातावर लगेच पान ठेवलं.

"गोल्ड," तो म्हणाला. "यू हॅव टू से थँक यू अँड गिव्ह मी वन बॅक."

"माझ्याकडे नाहीये रे," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "उसनं चालेल का?"

काका उठून उभे राहिले. त्यांनी बाईंना गाडीपाशी नेलं. बाईंनी गाडीकडे बघितलं. पाहुण्यानं बघावं तसं, हसून, मान हलवून. "किती छान ठेवलीय तुम्ही," म्हणाल्या. मग काठी टेकत डाव्या बाजूला गेल्या. वाकल्या. चष्मा कपाळावर सरकवला. आणि त्यांचं हसू गेलं.

"कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"काय?" काका म्हणाले. खूण उरली नव्हती, तरी त्यांनी उत्तर हातात दिलं नाही.

"इथे मी मारलं होतं. ते कुठे आहे?"

काकांनी विचारलं, "तुम्ही मारलं? म्हणजे दुसरी गाडी येऊन..."

"कसली दुसरी गाडी? मी. वडिलांच्या लाकडी हातोडीनं. ते तळावर मेकॅनिक होते, ही गाडी त्यांनी माझ्यासाठी जमवली होती. मी अमेरिकन पोरांना मागे टाकायची. सगळ्यांना. मग भाऊ पाच वर्षांचा झाला." बाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "एका रविवारी मी हेल्मेट घालून खाली आले, तर गाडीत तो. वडील म्हणाले, तू आता मोठी झालीस, मुलगी आहेस, टाळ्या वाजव. सीटच्या मागे माझी रिबीन होती, ती काढायचंसुद्धा कुणाला सुचलं नव्हतं. संध्याकाळी मी वर्कशॉपमध्ये गेले आणि मारलं. एकदाच, पण सगळा जीव लावून."

"आणि स्टिअरिंगचा दांडा?" काकांनी विचारलं.

"तो भावानं वाकवला. गवताच्या भाऱ्यांवर जाऊन आपटायचा, दर रविवारी. त्याला वळताच यायचं नाही."

मी काकांकडे पाहिलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ते म्हणत होते की ती थांबली नाही, आणि मी म्हणत होते की तिला बळंच बसवलं. तिला थांबवलं होतं. आम्हा दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

"ती खूण बघायला आले होते मी," बाई म्हणाल्या. "गाडी नाही हो. गाडीचं काय, भाऊ होता तोवर फोटो होते घरात, सगळे त्याचेच. तो पोचा तेवढा माझा होता."

वहिनी टेबलापाशी प्रसादाचं ताट धरून उभ्या होत्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "भावाला दिली? तिची गाडी?"

"हो," मी म्हटलं.

वहिनींनी ताट खाली ठेवलं. टॉवेलावर नारळाच्या शेंड्यांमध्ये हातोडी पडली होती, ती उचलली. पदराला पुसायला गेल्या, थबकल्या, आणि तशीच, खोबऱ्याचे तुकडे चिकटलेली, बाईंपुढे धरली.

"प्लीज," वहिनी म्हणाल्या.

"अगं, पूजा झालीय गाडीची!" मागून कोणीतरी ओरडलं.

"माहितेय मला," वहिनी म्हणाल्या. "मीच केलीय."

बाईंनी वहिनींकडे बघितलं, मग काकांकडे. त्यांनी मान हलवली. हो. बाईंनी काठी माझ्याकडे दिली, चकचकीत पत्र्यावर बोटांनी जागा शोधली आणि हातोडी उचलली.

"थोडं मागे," काका न राहवून म्हणाले. "आणि जरा खाली."

बाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. "तिथे मी होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही नव्हता."

आणि मारलं. हॉलभर असा आवाज झाला, की तान्हं बाळ रडायला लागलं. लाल रंगाला तडे गेले, टवके उडाले, झेंडूची माळ सुटून खाली आली. पत्रा आत गेला. पहिल्यासारखा गोल नाही. हातोडी लोखंडी होती, त्यामुळे कडा धारदार, मध्ये पांढरं ॲल्युमिनियम उघडं पडलेलं. बाई धापा टाकत होत्या. त्यांचे गाल लाल झाले होते. मराठी शाळेतली ती छोटी अगदी पुढे येऊन, तोंड उघडं टाकून बघत होती.

वहिनी सवयीनं किचन रोल घेऊन धावल्या, गुडघ्यावर बसल्या, काकांकडे नजर गेली आणि दोन्ही हात वर केले. "नाही पुसत," त्या म्हणाल्या. "नाही पुसत, काका."

काका गाडीपाशी आले. खिशातून टॉर्च काढला, खडू काढला. वाकले. मला वाटलं, आता वर्तुळ काढणार, मग कडा बघणार आणि सगळ्यांना समजावून सांगणार. खडू पत्र्याला टेकला. तिथेच थांबला. मग काकांनी तो परत खिशात टाकला, टॉर्च विझवला, दोन खुर्च्या ओढल्या आणि एकीवर बाईंना बसवलं.

"सांगा," ते म्हणाले. "कसं झालं?"

"सुरुवातीपासून?"

"सुरुवातीपासून," काका म्हणाले. "आणि मी मध्ये बोललो, तर थांबवा मला."